खापर

परवा नांदेडात एक बैठक झाली. तीन तास चालली. विषय होता एका गावातल्या मारहाणीच्या केसचा. पंचवीस-तीस पोरं होती, दोन प्राध्यापक होते, एक रिटायर झालेले तलाठी, तीन बाया, आणि कोपऱ्यात ज्याला मार बसला तो पोरगा. इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडं. मी वही उघडून बसलो. पहिला बोलला, पोलिसांनी कलमं मुद्दाम हलकी लावली. दुसरा बोलला, आपले पुढारी विकले गेले. तिसऱ्यानं चौथ्या गटाचं नाव घेतलं. एका प्राध्यापकांनी ब्राह्मणी व्यवस्थेचं विश्लेषण केलं. चांगलं केलं, पण पाऊण तास केलं. तलाठी म्हणाले, आजकालच्या पोरांच्या हातून मोबाईल सुटत नाही. पोरं म्हणाली, म्हाताऱ्यांनीच चळवळ खाल्ली. चहा झाला. जयभीम झाला. पांगापांग झाली.

घरी येऊन वही बघितली. दोषी कोण, यावर एकवीस नावं होती. मी मोजली. पुढच्या तारखेला पोराबरोबर कोर्टात कोण जाणार, याच्यापुढं काहीच नव्हतं. तो पोरगा तीन तासांत एक शब्द बोलला नाही. त्याला कुणी विचारलंच नाही. मीही नाही.

हे मी कुणाची चेष्टा करायला लिहीत नाही. त्या एकवीस नावांतली पंधरा तरी खरोखर दोषी आहेत. कलमं हलकी लावली जातात, हे खरं आहे. पुढारी विकले जातात, हेही खरं आहे. माझा प्रश्न वेगळा आहे. दोष खरा असला तरी तो नुसता बोलून झाल्यावर आपल्याला इतकं हलकं का वाटतं? काहीतरी काम उरकल्यासारखं का वाटतं? त्या रात्री मीसुद्धा गाढ झोपलो, हे कबूल करतो.

हा प्रश्न आपल्यासाठी सोपा नाही, मित्रांनो. दुसऱ्याला दोष देऊ नका, स्वतः जबाबदारी घ्या, हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात कालवतं. कारण हे वाक्य आपल्या बापजाद्यांनी फार ऐकलंय. गावानं सांगितलं, तुमचा जन्मच मागच्या जन्मीच्या पापामुळं. म्हणजे वस्तीत पाणी नाही याला जबाबदार कोण, तर तहानलेला. पटकी आली, मरीआई कोपली, दोष वेशीबाहेरच्यांचा. देगलूर-उदगीरकडं एखाद्याच्या घरी दुखणं आलं आणि डॉक्टर परवडला नाही, की भानामतीचा संशय यायचा. तो संशय पाटलाच्या वाड्यावर कधी जायचा नाही. एखाद्या एकट्या म्हातारीच्या, नाहीतर गरिबाच्याच दारात जायचा. आज मागचा जन्म कुणी काढत नाही. आज म्हणतात, सवलती मिळाल्या तरी ह्यांची प्रगती होत नाही, ह्यांच्यात मेहनतीची वृत्तीच नाही. कर्मसिद्धांतच तो, फक्त टाय बांधून आलेला. बाबासाहेबांनी बुद्धाचा धम्म सांगताना मागल्या जन्माच्या कर्माचा हिशेब साफ नाकारला, तो उगाच नाही. ज्याला मार बसला त्यालाच गुन्हेगार ठरवणारं तत्त्वज्ञान त्यांना नको होतं.

म्हणून मी आधीच सांगून टाकतो. जबाबदारी म्हणजे दोष आपल्या अंगावर ओढून घेणं, असं मला म्हणायचं नाही. काठी ज्यानं मारली, गुन्हा त्याचाच. त्यात आपला वाटा शोधत बसायची गरज नाही.

मग दोष देण्यात बिघडतं कुठं? आपल्या आज्ज्यांच्या घरात उतरंड असायची. एकावर एक मडकी. सगळ्यांचा भार तळच्या मडक्यावर. ह्या समाजाची रचना तशीच आहे, हे आपण अभ्यासवर्गात शिकलो. बाबासाहेब तिला श्रेणीबद्ध विषमता म्हणायचे. वर जावं तसा मान वाढतो, खाली यावं तशी घृणा वाढते. माझं म्हणणं एवढंच, की दोषसुद्धा ह्याच उतरंडीनं खाली उतरतो. वर चढत नाही. वर चढवायला दम लागतो, पैसा लागतो, वेळेला नोकरीवर पाणी सोडावं लागतं. खाली किंवा शेजारी ढकलायला काहीच लागत नाही. फुकट काम. ज्यांच्या गळ्यात मडकं बांधलं गेलं, त्यांना खापर काय असतं ते वेगळं सांगायला नको.

१९७८ आठवा. ज्यांचा जन्म नंतरचा आहे त्यांनी घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. २७ जुलैला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात वस्त्या पेटल्या. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होतं, वेगळा जिल्हा झाला १९८२ ला. नांदेड जिल्ह्यात फार वाईट झालं. टेंभुर्णीला पोचीराम कांबळेंना हालहाल करून मारलं. जाळणारे कोण होते? मागं उभे राहणारे गावोगावचे पुढारी होते, त्यांची नावं सगळ्यांना माहीत होती. पण पुढं टेंभे घेऊन धावलेली पोरं? त्यांच्यातली कितीतरी कोरडवाहू दोन-चार एकरवाल्यांची होती. १९७२ चा दुष्काळ अंगावरून गेलेला, बाप सावकाराच्या आणि सोसायटीच्या कर्जात, पोरगा बीए होऊन पारावर बसलेला. १९७४ ला ह्याच भागातली पोरं मराठवाड्याच्या विकासासाठी रस्त्यावर आली होती. नोकऱ्या मागत होती, रुंद रेल्वे मागत होती. मागण्या खोट्या नव्हत्या. निजामाच्या राज्यात राहून मागं पडलेला हा मुलूख, मुंबईनंही त्याला वाटाण्याच्या अक्षता लावल्या. पण मुंबई लांब. मंत्री लांब. ज्यानं सोसायटी खाल्ली तो चेअरमन नात्यातला, भावकीतला. त्याला कसं विचारणार? आणि गावाच्या कडेला एक वस्ती होती. तिथल्या पोराला स्कॉलरशिप मिळत होती, तो औरंगाबादला मिलिंदमध्ये शिकून आला होता, त्यानं बापाला मेलेलं ढोर ओढू नको म्हणून सांगितलं होतं. ह्यांच्यामुळं आपल्या पोराला नोकरी नाही! चार वर्षांपूर्वी मंत्रालयावर असलेला राग गावकुसाबाहेरच्या छपरावर आला.

छपरं जळाली. नोकऱ्या आल्या का? त्या पोरांपैकी कुणाला काय मिळालं? त्यांची पोरं आज पुण्याला सिक्युरिटी गार्ड आहेत, कंपनीत कंत्राटावर आहेत. आपलीही त्यांच्याच शेजारी उभी आहेत, त्याच कंत्राटदाराकडं. आणि नाव? २५ नोव्हेंबर १९९३ ला ह्याच नांदेडात गौतम वाघमारेनं स्वतःला जाळून घेतलं, तेव्हा कुठं १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. आणि त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडचं विद्यापीठ वेगळं झालं, नांदेड, लातूर, परभणी तिकडं गेले. ज्या टेंभुर्णीनं त्या नावासाठी माणूस दिला, ती टेंभुर्णी आता त्या नावाच्या विद्यापीठात नाही. हे सांगितलं की आपली पोरं चमकतात. कुणी ध्यानातच घेतलेलं नसतं.

अमेरिकेत मेल्विन लर्नर नावाचा मानसशास्त्रज्ञ होता. त्याचा एक प्रयोग १९६६ ला प्रसिद्ध झाला. कॉलेजातल्या मुलींना बसवलं आणि पडद्यावर एक बाई दाखवली. तिला उत्तर चुकलं की विजेचा झटका बसतो, असं भासवलं. बघणाऱ्या मुलींना आधी कळवळा आला. पण ज्यांना काहीच करता येत नव्हतं, नुसतं बघत राहायचं होतं, त्या हळूहळू त्या बाईलाच नावं ठेवू लागल्या. ज्यांना सांगितलं होतं की तुम्ही मत दिलं तर तिचे झटके थांबतील, त्यांनी तिला तेवढी नावं ठेवली नाहीत. मी हे वाचलं तेव्हा मला आपलं गाव आठवलं. आणि मग आपल्या बैठका आठवल्या. हात रिकामे असले की जीभ दोष शोधत फिरते. हाताला काम मिळालं की ती जरा गप्प बसते.

आता माझी गोष्ट सांगतो. सांगायला लाज वाटते म्हणूनच सांगतो.

१९९८ सालची. गावाचं नाव लिहीत नाही. जयंतीची मिरवणूक मेन रोडनं नेली म्हणून आपल्या एका पोराचा हात मोडला. अ‍ॅट्रॉसिटीची केस झाली. मी तालुक्याला एका शाळेत शिकवत होतो आणि आमच्या संघटनेचा सेक्रेटरी होतो. दुसऱ्या दिवशी जीप करून आम्ही गेलो. पंचनाम्याला उभे राहिलो, फौजदाराशी भांडलो, पेपरात फोटो आला. दोन साक्षीदार भक्कम होते. एक आपल्या वाड्यातला, एक मांगवाड्यातला. दुसरा ज्यांच्या भावकीतल्या पोरांनी मारलं त्यांच्याच शेतात सालगडी होता. तरी त्यानं जबाब दिला. आम्ही त्याच्या पाठीवर थाप मारली. जयभीम मामा, असं मी म्हणालो. मला वाटलं, क्रांती जवळ आली.

केस उभी राहायला तीन वर्षं लागली. कोर्टात मामा म्हणाला, मी तिथं नव्हतो, शेतात होतो. सरकारी वकिलांनी त्याला फितूर जाहीर केलं. आपल्या वाड्यातल्या साक्षीदारानं जबाब दिला, पण एकट्याच्या जबाबाला जोर राहिला नाही. आरोपी सुटले. संशयाचा फायदा.

त्या रात्री विहारात बैठक झाली. काय काय बोललो आम्ही! मांगानं घात केला, असं कुणी तरी म्हणालं आणि मी त्याला थांबवलं नाही. खरं सांगायचं तर मनातून मलाही तेच म्हणायचं होतं. मी पत्रक लिहिलं. साक्षीदार विकला गेला, असं त्यात लिहिलं आणि त्याचं नाव टाकलं. पाचशे प्रती वाटल्या. भाषा जोरदार होती, आजही मला ती पाठ आहे.

सात-आठ महिन्यांनी तो एसटी स्टँडवर भेटला. मी तोंड फिरवलं. तोच जवळ आला.

“सर, वळखलं का?”

मी काही बोललो नाही.

“तुमचा कागुद वाचला म्या. म्हंजी पोरीनं वाचून दावला. पाचवीला हाय. सगळ्या गावात वाटला ना, साळंत बी आला.”

मी म्हणालो, “मग? खोटं लिहिलं का मामा?”

“न्हाई. खोटं कसं म्हनू? पर एक इचारू का? किती खेपा आलात तुमी गावात? पयल्या रोजी आलात जीपमधी. मंग जयंतीला आलात. मंग?”

मंग नाही. तीन वर्षांत मी गावात दोनदा गेलो होतो. तो सांगत गेला, मी ऐकत गेलो. सालाचे पैसे त्यानं पाडव्यालाच उचललेले. सहा हजार. पोरीच्या आईचं ऑपरेशन होतं. जबाब दिल्यावर मालक म्हणाला, उचल परत दे आणि चालता हो. सहा हजार कुठून आणणार? दुसऱ्या साली पुन्हा त्याच्याकडंच राहिला, म्हणजे राहावं लागलं. दुकानातली उधारी बंद झाली. पोरीला दूध मिळेना. मग समन्स आलं. त्याला वाचता येत नव्हतं. समन्स वाचून कुणी दाखवलं? आरोपीच्या पुतण्यानं. कोर्टात कसा गेला? त्याच पुतण्याच्या मोटारसायकलवर, मागं बसून. “दुसरं कोन आलं व्हतं न्यायला?” तो म्हणाला. रस्त्यात धाब्यावर चहासुद्धा त्यानंच पाजला.

“तुमी लई चांगलं लिव्हता, सर,” मामा म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. मला अजून वाटतं, त्याला खरंच तसं वाटत होतं. मग त्याची गाडी लागली, तो गेला.

मी बाकड्यावर बसून राहिलो. पत्रक खोटं नव्हतं. पण त्यात माझं नाव नव्हतं. मी सेक्रेटरी होतो. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचे १९९५ चे नियम तेव्हा लागू होते. अकराव्या नियमात लिहिलंय, की पीडिताला, त्याच्या अवलंबितांना आणि साक्षीदाराला जाण्यायेण्याचा खर्च, भत्ता, बुडालेल्या दिवसाचे पैसे द्यायचे. सतराव्या नियमात लिहिलंय, की जिल्हाधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली दक्षता समिती असेल आणि ती तीन महिन्यांतून एकदा तरी बसेल. मी ते नियम वाचलेच नव्हते. भाषणात कायद्याचं नाव मात्र दर वेळी घ्यायचो, साल-तारखेसकट. त्या वर्षी आमच्या जयंतीची वर्गणी अकरा हजार जमली होती. त्यातले सहा हजार गेले मंडपाला आणि लाउडस्पीकरला. मामाची उचल सहा हजार होती. हा आकडा मला कधी विसरता आलेला नाही.

आता कुणी म्हणेल, सर, म्हणजे आरोपी सुटले ते तुमच्यामुळं? नाही. मारणाऱ्यानं मारलं, मालकानं पोटावर पाय दिला, सरकारनं तीन वर्षं लावली. त्यांचा दोष त्यांच्याकडंच राहू द्या, त्यातला एक पैसा कमी करू नका. पण त्यांच्या दोषाचं कितीही वर्णन केलं तरी समन्स वाचून दाखवायला कुणी गेलं नाही, ही गोष्ट जागच्या जागी राहते. ती माझी होती. ती करायला मला ना सत्ता लागत होती, ना क्रांती. एसटीचं तिकीट लागत होतं. आणि मी जो दोष दिला तो मालकाला दिला नाही बघा. पत्रकात मालकाचं नाव नव्हतं. तो जिल्हा परिषदेत वजन असलेला माणूस, आणि मला त्याच तालुक्यात नोकरी करायची होती. मी नाव कुणाचं छापलं, तर सालगड्याचं. १९७८ च्या पोरांनी जे टेंभ्यानं केलं, ते मी पत्रकानं केलं. एकाच मापात घालत नाही, तिथं माणसं मेली. पण दिशा तीच होती. खालची.

अभ्यासवर्गात कुणी तरी हमखास बुद्धाची ती बाणाची गोष्ट सांगतं. एका माणसाला विषारी बाण लागला. वैद्य आला तर हा म्हणतो, आधी सांगा बाण मारणारा कोण, क्षत्रिय की ब्राह्मण, वैश्य की शूद्र, कुठल्या गावचा, धनुष्य कसलं, पिसं कुठल्या पक्ष्याची. ते कळेपर्यंत माणूस मरून जाईल. ही गोष्ट जगाच्या आदि-अंताच्या रिकाम्या चर्चेबद्दल आहे. पण मी ऐकलंय, काही लोक ती आपल्याला गप्प करायला वापरतात. बाण कुणी मारला ते विचारू नका म्हणतात. असं कसं? मारणारा उद्या दुसरा बाण मारणार आहे, त्याचं नाव एफआयआरमध्ये गेलंच पाहिजे. फक्त एफआयआर लिहिणारा आणि बाण काढणारा, दोघंही तिथं पाहिजेत. आपल्याकडं पिसांचे जाणकार फार झालेत.

महाडला दोन्ही गोष्टी एकाच परिषदेत झाल्या. २५ डिसेंबर १९२७ ला मनुस्मृती जाळली. दोष कुणाचा, हे जगापुढं नाव घेऊन, आग लावून सांगितलं. आणि त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेब आपल्या बायांशी बोलले. लुगडं कसं नेसावं, अंगावरचं जुनं दागिन्यांचं ओझं टाकावं, मुलींना शिकवावं. त्याच वर्षी मेलेल्या ढोराचं मांस सोडायला सांगितलं. आधी तुम्ही सुधारा, मग पाण्याचा हक्क मागा, असं ते म्हणाले नाहीत. आधी हक्क मिळू द्या, मग सुधारू, असंही नाही. लक्षात घ्या, लुगड्याची गोष्ट त्यांनी बायांना सांगितली ती विरोधकांच्या सभेत नाही. घरातलं घरात सांगितलं, जाळायचं ते चव्हाट्यावर जाळलं. आपण बरोबर उलटं करतो. चव्हाट्यावर एकमेकांची लक्तरं काढतो, आणि ज्याला जाळायचं त्याच्याबद्दल घरात कुजबुजतो.

१८ मार्च १९५६ ला आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्यांबद्दल जी खंत बोलून दाखवली, ती आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. प्रत्येक सभेत ती सांगितली जाते. सांगणारा बँकेतला अधिकारी असतो, प्राध्यापक असतो, इंजिनियर असतो. ऐकणारे टाळ्या वाजवतात, तेही शिकलेलेच. सांगणाऱ्यालाही ती दुसऱ्याबद्दल वाटते, ऐकणाऱ्यालाही. मीही दोन-तीनदा भाषणात सांगितली आहे, मामाला भेटायच्या आधी.

आता सगळ्यात अवघड जागी येतो. हे लिहू नका, असं एका मित्रानं मला सांगितलं होतं. १ ऑगस्ट २०२४ ला सुप्रीम कोर्टानं अनुसूचित जातींचं उपवर्गीकरण करता येईल, असा निकाल दिला. त्यानंतर नांदेड-लातूरकडच्या आपल्या मोबाईलवर काय चाललंय ते तुम्ही बघताय. बौद्धांनी सगळं खाल्लं, असं एकीकडं. मातंग चळवळीत आले नाहीत, आता वाटा मागतात, असं दुसरीकडं. उपवर्गीकरण व्हावं की नाही, यावर वाद होऊ शकतो, प्रामाणिक माणसं दोन्ही बाजूंना आहेत. आकडे काढा, कुठल्या खात्यात कोण किती आहे ते बघा, अनुशेष किती बाकी आहे ते बघा. मी तो वाद इथं करत नाही. मला त्यातला सूर ओळखीचा वाटतो, तेवढं सांगतो. ह्यांच्यामुळं माझ्या पोराला नोकरी नाही. हे वाक्य आपण १९७८ ला ऐकलं. तेव्हा ते आपल्या दारापुढं ओरडलं गेलं. सरकारी भरती आटली, कंत्राटी पद्धत आली, शाळा-कॉलेजातल्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या. हे वर कुणी केलं ते विचारायला दम लागतो. शेजारच्या वाड्यावर ओरडायला लागत नाही. अल्जिरियात डॉक्टर असलेल्या फॅननला हेच दिसलं होतं. गोऱ्या शिपायाची शिवी निमूट सोसणारा माणूस आपल्याच माणसाच्या नुसत्या नजरेवर सुरा काढतो.

आणि मातंग चळवळीत आले नाहीत म्हणणाऱ्या पोरांना मी एकच विचारतो. पोचीराम कांबळे कोण होते? बहुतेकांना माहीत नसतं. ते मातंग होते. आपण त्यांचं नाव घोषणेत घेतो आणि त्यांच्या वाड्यात जात नाही. मामाच्या वाड्यात मी जीप घेऊन एकदा गेलो होतो, साक्ष पाहिजे होती म्हणून. त्यांना आमच्या अभ्यासवर्गाला कधी बोलावलं नव्हतं. अण्णाभाऊंच्या जयंतीला गेलो नव्हतो. आले नाहीत, म्हणतो आपण.

२०२३ च्या जूनमध्ये नांदेडच्या जवळ बोंढार हवेलीला आपल्या एका तरुण पोराचा खून झाला. गावात जयंती काढल्याचा राग, अशी तक्रार आहे. आठवडाभर सगळे नेते येऊन गेले, सगळ्या गटांचे बॅनर लागले. येणं वाईट नव्हतं, जावंच लागतं, मीही गेलो. पण परत येताना मी गाडीतल्या पोरांना मामाची गोष्ट सांगितली. फोटो पहिल्या दिवशी निघतो, साक्ष तिसऱ्या वर्षी असते. मधल्या काळात साक्षीदाराच्या घरी चूल कशी पेटते, हे बघायला कुणाला तरी जावं लागतं. २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनं पीडित आणि साक्षीदारांच्या हक्कांचं वेगळं प्रकरणच कायद्यात घातलंय. ते वाचायला पदवी लागत नाही. आपल्या प्रत्येक तालुक्यात एका पोरानं, एका पोरीनं वाचलं तरी पुरे.

मामा गेला. सहा-सात वर्षं झाली. मी माफी मागायला गेलो होतो, त्याच्या हयातीत, उशिरा का होईना. त्यानं खाट टाकली, चहा दिला, पत्रकाचा विषय काढला नाही. मीच काढला तर म्हणाला, जाऊ द्या सर, तुमचं बी वय नव्हतं. पोरगी तेव्हा नर्सिंगला होती. ती मात्र माझ्याशी बोलली नाही. आतून बाहेर आली, पाण्याचा तांब्या ठेवला आणि परत आत गेली. तिचं बरोबर होतं, असं मला वाटतं.

परवाच्या बैठकीनंतर आठ दिवसांनी मी पुन्हा बैठक बोलावली. अकराच जण आले. मी म्हणालो, दोषी कोण ते मागल्या वेळी लिहून झालंय, यादी वहीत आहे, कुणाला भर घालायची असेल तर शेवटी घालू. आधी तारखेचं बोलू. पंधरा मिनिटं कुणी काही बोलेना. मग एक पोरगी म्हणाली, मी येते, माझी सुट्टी आहे. तलाठी म्हणाले, दुसऱ्या साक्षीदाराच्या घरी समन्स आलंय का ते मी उद्या बघून येतो, तो आमच्याच गावाकडचा आहे. तो मातंग आहे, हे त्यांनी सांगितलं नाही, मला नंतर कळलं. प्राध्यापकांनी एफआयआरची आणि नियमांची झेरॉक्स मागून घेतली आणि चष्मा लावून तिथंच वाचत बसले. भत्त्याचा अर्ज कुणी लिहायचा, यावर थोडं भांडण झालं. ते मिटलं नाही, दोघांनीही लिहिला.

कोपऱ्यातला पोरगा उठताना माझ्याजवळ आला. म्हणाला, “सर, त्या रोजी माझी मायपण येनार हाय. सकाळच्या सातच्या गाडीनं निघावं लागंल. डबा घ्यावा का तितं काही मिळतंय?”

मी वहीत लिहिलं. सातची गाडी. पाच माणसं. डबा.